शंभर फुटांचे बाळ

'हनी, आय ब्ल्यू अप द किड' हा १९९२ चा विनोदी चित्रपट म्हणजे १९८९ च्या 'हनी, आय श्रंक द किड्स'चा दुसरा भाग. पहिल्या भागात संशोधक बाबांच्या यंत्राने मुले मुंगीएवढी झाली होती. इथे त्यांचा दोन वर्षांचा ॲडम यंत्राच्या किरणात सापडतो आणि वीज जवळ आली की वाढत सुटतो. आधी मायक्रोवेव्ह, मग टीव्ही, शेवटी लास व्हेगासचे झगमगते दिवे! तोवर स्वारी शंभर फुटांच्या वर गेलेली असते. मोठ्या भावाला मोटारीसकट खिशात टाकून बाळ भर रस्त्यात दुडूदुडू चालू लागते.

गेल्या सत्रात एका शनिवारी आम्हाला हा चित्रपट दाखवला. मी अंधारातच गणित मांडले. उंची ३५ पट झाली तर हाडाचा काटछेद १,२२५ पट होतो, पण वजन ४२,८७५ पट! १२ किलोचे बाळ पाचशे टनांच्या वर जाणार आणि पहिल्याच पावलाला पाय मोडणार. गॅलिलिओने हे कारण १६३८ च्या ग्रंथातच सांगितले आहे. शेजारचा मित्र म्हणाला, "गप रे, बघू दे!"

बाळाला बेशुद्ध करायला हेलिकॉप्टर आले तेव्हा सगळ्या सभागृहाने शिट्ट्या मारल्या. सैनिकी शाळाच ती. पण बाळ रडू लागले आणि शिट्ट्या थांबल्या.

यंत्राने बाळाला लहान करायचे तर त्याने क्षणभर स्थिर उभे राहायला हवे. ते काही बाबांच्या बुद्धीला जमेना. शेवटी आई स्वतःलाच यंत्राने मोठी करून घेते, तेवढीच उंच होते आणि त्याला कुशीत घेते. बाळ शांत. मला चित्रपटातली हीच युक्ती सर्वांत हुशारीची वाटली, आणि ती संशोधकाची नव्हती.

पुढच्या रांगांत सहावीची मुले होती, घर सोडून त्यांना दोन महिनेही झाले नव्हते. तिकडून नाक ओढल्याचे आवाज येऊ लागले. एरवी अशा वेळी आम्ही मोठे कॅडेट हमखास चिडवतो. त्या रात्री कोणी काही बोलले नाही.

रविवारी फोनची रांग पार जिन्यापर्यंत गेली. मीही उभा होतो. आठवडाभर हिंदी-इंग्रजी बोलून जीभ जड झालेली. आईने विचारले, "काय रे, आज आवाज असा का?"

"काही नाही गं, काल सिनेमा बघितला."

"कसला?"

"विनोदी होता."