किल्लीविना मोटार, मागाविना चोरी

१८५३ मध्ये वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली गेला. पैनगंगेपलीकडचा मुलूख मात्र निजामाकडेच राहिला. आजचा यवतमाळ जिल्हा पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाऊ लागला (यवतमाळ हे नाव १९०५ चे) आणि नदी ही त्याची दक्षिण सीमा ठरली. रात्री गोठ्यातून बैलजोडी नेणाऱ्याला कुलूप तोडावे लागत नसे, कारण गोठ्याला कुलूप नसेच. त्याची खरी अडचण पुढे होती: ओळखू येणारे जनावर घेऊन हद्द ओलांडायची आणि ते कुठल्या तरी बाजारात विकायचे.

गावगाड्याने चोरीवर शोधलेला उपायही कुलपाचा नव्हता. तो मागाचा होता. वऱ्हाडातील गावांत जागल्या हा राखणदार असे. मराठी मुलखातील जुनी रीत अशी, की राखणदाराने खुरांचा आणि पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जायचे. माग शीव ओलांडून गेला, की पुढचा भार पलीकडच्या गावावर. आपल्याच हद्दीत विरला, तर जबाब आपल्याला द्यायचा. चोरी होणारच, पण तिची खूण उरली पाहिजे, असा त्या व्यवस्थेचा हिशेब होता.

हा धागा बिनकिल्लीच्या मोटारींविषयी आहे. खिशात रिमोट असला की दार उघडते, बटण दाबले की इंजिन सुरू होते. या सोयीने चोरी सोपी झाली का? बैलांपासून सुरुवात केली, कारण प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या मागातच आहे.

उरलेले अर्धे इंग्लंडमध्ये. १८१८ मध्ये जेरेमाया चब याने एक विलक्षण कुलूप बनवले. चुकीच्या हत्याराने कोणी त्यातील पट्टी गरजेपेक्षा वर उचलली, की ती अडकून बसे आणि मग खरी किल्लीही फिरत नसे. कोणीतरी हात लावून गेले, हे मालकाला कळे. कुलूप साक्षीदारही होऊ शकते, हे त्याने दाखवले. १८५१ च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकी कुलूपतज्ज्ञ हॉब्ज याने ते सुमारे २५ मिनिटांत उघडले, पाठोपाठ ब्रामाचे गाजलेले कुलूपही. त्याला मात्र १६ दिवसांत मिळून पन्नासहून अधिक तास लागले. लंडनकर हादरले. खरे तर त्यांना धीर यायला हवा होता, कारण इतका वेळ कोणत्या चोराला मिळतो?

मोटारीच्या नव्या कुलपाने हा वेळच काढून घेतला. मोटार आपल्याभोवती एक-दोन मीटरपर्यंत पोहोचणारा क्षीण रेडिओसंदेश सोडते. जवळ असलेली किल्ली त्याला सांकेतिक उत्तर देते. चोर दोघे असतात. एक मोटारीजवळ उभा राहतो, दुसरा घराच्या दाराशी, जिथे आत खुंटीवर किल्ली टांगलेली असते. एका बांधावरची हाक मधल्या गड्याने दुसऱ्या बांधावर पोहोचवावी, तसा त्यांच्या हातातील यंत्रांनी संदेश पुढे जातो. सांकेतिक भाषा फोडावी लागत नाही; मोटारीला वाटते, किल्ली शेजारीच आहे. २०११ मध्ये झुरिकच्या संशोधकांनी आठ कंपन्यांच्या दहा मॉडेलांवर हा प्रयोग केला आणि दहाही मोटारी फसल्या.

म्हणजे जुनी किल्लीच बरी? तसे मुळीच नाही. १९९० च्या दशकात किल्लीत इमोबिलायझरची चिप आली. ओळखीची चिप नसेल, तर दार फोडूनही इंजिन सुरू होत नाही. युरोपात १९९८ पासून नव्या मोटारींना ती सक्तीची झाली आणि तारा जोडून गाडी पळवण्याची कला जवळजवळ संपली. उलट अमेरिकेत २०२१ नंतर किया आणि ह्युंदाईच्या ज्या मोटारी पोरासोरांनी युएसबी केबलच्या टोकाने पळवल्या, त्या फिरवायच्या किल्लीच्या होत्या आणि त्यांत ही चिप नव्हती. त्याच कंपन्यांच्या बटणाच्या मोटारींत ती होती. त्या युक्तीपासून त्या बचावल्या. बिनकिल्लीच्या मोटारीने हौशी चोराला दूर ठेवले आणि यंत्रे बाळगणाऱ्या टोळीला दार उघडून दिले, असे म्हणणे अधिक न्याय्य.

यवतमाळात वाहनचोरीची बातमी बहुधा दुचाकीची असते, आणि ती जुन्याच पद्धतीने जाते: हँडल-लॉक झटक्याने तोडून किंवा दुसरीच किल्ली चालवून. तरीही एमएच २९ पाटीच्या बटणवाल्या मोटारी वाढत आहेत आणि नागपूर-हैदराबाद महामार्ग पांढरकवड्यावरून पैनगंगा ओलांडून आदिलाबादेत उतरतो. निजामाची हद्द गेली, तिथे राज्याची सीमा आली. शीव तीच आहे.

मग सर्वाधिक नुकसान कशाचे झाले? मागाचे. फुटलेली काच नाही, वाकलेले कुलूप नाही, अंगणात पडलेली तार नाही. विमा कंपनी चोरीच्या दाव्यासोबत दोन्ही मूळ किल्ल्या मागते. मालक त्या पुढे ठेवतो, आणि दोन्ही किल्ल्या घरात असताना गाडी गेली कशी, या प्रश्नाला त्याच्याकडे दाखवण्याजोगी एकही खूण नसते. हप्ते फेडत असलेल्या कुटुंबावर संशय यावा, यासारखे वाईट दुसरे काही नाही.

उपाय निघू लागले आहेत. काही नव्या किल्ल्या बराच वेळ हलल्या नाहीत, की निद्रिस्त होतात. काही मोटारी उत्तर येण्यास लागलेला वेळ मोजून अंतर ठरवतात. रेडिओलहर एका नॅनोसेकंदात सुमारे ३० सेंटीमीटर जाते, त्यामुळे मध्यस्थाची लबाडी तिथे पकडली जाते. इंटरनेटला जोडलेल्या काही मोटारी दार केव्हा उघडले याची नोंदही ठेवतात. चबच्या अडकलेल्या पट्टीची ही नात म्हणावी. फक्त ती आता मालकाच्या दारावर नसते, कंपनीच्या सर्व्हरवर असते, आणि मोटार गेल्याची तक्रार देतानाच ती लेखी मागून घ्यावी लागते.