गोंगाट कसा टिपावा

“दादा, रेकॉर्डिंग अगदी मोठ्या बँडसारखं येईल ना?” पहिली ईपी, म्हणजे मोजक्या गाण्यांची छोटी रेकॉर्ड, करायला निघालेली पोरं हे हमखास विचारतात, मग ती नागपूरची असोत की आमच्या भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर-साकोलीची. माझं उत्तर ठरलेलं असतं: ते तुमच्यासारखं यायला हवं. ध्वनिमुद्रण हा माझा व्यवसाय, आणि स्वतःची गाणी स्वतःच्या पैशाने बाहेर काढणारे रॉक बँड हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय. त्यातही पंकच्या अंगाने जाणारे बँड मला विशेष प्रिय. तीन-चार कॉर्ड, दोन-अडीच मिनिटांचं गाणं, धावता ठेका आणि तोंडावर सांगितल्यासारखे शब्द, एवढ्यावर हे संगीत उभं असतं. ते टिपताना सर्वांत मोठी भीती असते ती त्याची धार घासून टाकण्याची.

या संगीताचा पाया घालणाऱ्या दोन रेकॉर्ड मी प्रत्येक नव्या बँडला ऐकवतो. पहिली न्यूयॉर्कच्या रामोन्सची, एप्रिल १९७६ मधली. चौदा गाणी, मिळून जेमतेम २९ मिनिटं, काम आठवडाभराचं आणि खर्च सुमारे ६,४०० डॉलर. मोठ्या बँडच्या अल्बमचं काम तेव्हा महिनोन् महिने चालायचं. हेडफोन लावून ऐकलं की तिची रचना उघड होते: गिटार एका कानात, बेस दुसऱ्या कानात, ड्रम आणि गळा मधोमध. झाकायला काही ठेवलेलंच नाही. कोण काय वाजवतंय हे लहान मूलही सांगेल.

दुसरी इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या बझकॉक्सची ‘स्पायरल स्क्रॅच’. त्यांनी घरच्यांकडून आणि मित्रांकडून ५०० पौंड उसने घेतले, २८ डिसेंबर १९७६ रोजी चार गाणी काही तासांत वाजवून घेतली आणि जानेवारी १९७७ मध्ये स्वतःच्याच लेबलवर हजार प्रती काढल्या. कव्हरवर प्रत्येक गाण्याची कितवी टेक घेतली तेही छापलं. त्या एका ओळीत मला अख्खं तत्त्वज्ञान दिसतं. कसं केलं हे ऐकणाऱ्याला कळू द्या, म्हणजे त्यालाही वाटेल की हे आपल्याला जमेल. पहिल्या हजार प्रती संपल्या आणि पुढे हजारोंनी खपल्या. मागोमाग इंग्लंडभर पोरांनी आपापली लेबलं काढली.

आपल्याकडे हा रस्ता लांबून आला. मुंबईत धोबी तलावच्या रंगभवनात १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागला आणि कॉलेजातल्या बँडना हक्काचं व्यासपीठ मिळालं. तरी रेकॉर्ड काढायची तर मोठी कंपनी हवी, हा समज पक्का होता आणि त्या काळी तो खोटाही नव्हता. रॉक मशीन या बँडचा ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ १९८८ साली आला, तो सीबीएससारख्या कंपनीमुळेच. पेंटाग्राम या बँडचा ‘वी आर नॉट लिसनिंग’ १९९६ चा. हे दोन्ही पहिले अल्बम ओळीने ऐकले की स्वतःची गाणी वाजवण्याची भीड कशी चेपत गेली ते ऐकू येतं. मग संगणकावर रेकॉर्डिंग होऊ लागलं, माइकचा आवाज संगणकात नेणारे इंटरफेस स्वस्त झाले, आणि द रायट पेडलर्स या मुंबईच्या तिघांच्या पंक बँडने २०११ मध्ये ‘सरकाझम’ ही ईपी आणली. गिटार, बेस, ड्रम आणि संताप, एवढाच जामानिमा. चौथ्या वाद्याची उणीव कुठेही भासत नाही.

हे सगळं मुंबईचं झालं, भंडाऱ्यात कोण ऐकणार, अशी शंका पोरांच्या मनात असते. मला ती पटत नाही. भाऊबीज झाली की आपल्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार हे लोकनाट्य, रात्री झाडीपट्टीचं, म्हणजे आपल्या पूर्व विदर्भाचं, नाटक. नट स्वतः माइकसमोर गातो, शेजारी ऑर्गन, तबला, ऑक्टोपॅड प्रत्यक्ष वाजत असतात, आणि लोक तिकीट काढून थंडीत पहाटेपर्यंत बसतात. या नाटकांना शहरातल्या नाट्यगृहांची वाट पाहावी लागली नाही. शेतात मंडप उभा राहिला की रंगभूमी उभी राहिली. जिवंत आवाजासाठी पैसे मोजणारा, चुकलेल्या सुरापेक्षा पडलेला जोर आधी ओळखणारा श्रोता या मातीत आहेच. दंडारीतला जाब-जबाब, एकाने म्हणायचं आणि बाकीच्यांनी उचलून धरायचं ही रीत, पंकच्या सामूहिक आरोळीपासून फार दूर नाही. बँडने परक्या उच्चारांत गाण्यापेक्षा इथल्या झाडीबोलीत गावं, असं मी आग्रहाने सांगतो. आरोळी आपल्या बोलीतच खरी निघते.

आता प्रत्यक्ष कामाकडे. पहिलं रेकॉर्डिंग सगळ्यांनी एका खोलीत, एकमेकांकडे पाहत, एकत्र वाजवून करावं. आधी ड्रम, मग बेस, मग गिटार असे सुटे थर चढवले की प्रत्येक वाद्य स्वच्छ येतं, पण बँड हरवतो. ध्रुवपदाला ड्रमर किंचित पुढे सरकतो आणि बाकीचे त्याच्या मागे धावतात. त्या धावण्यातच गाण्याचा जीव असतो. क्लिकवर, म्हणजे हेडफोनमधल्या यांत्रिक ठेक्यावर, वाजवून नंतर एकेक ठोका संगणकाच्या रेघेवर बसवला की तो जीव जातो.

एकत्र वाजवलं की गिटारचा आवाज ड्रमच्या माइकमध्ये शिरणार. त्याला घाबरू नये, त्याला वळण लावावं. ध्वनी एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो. म्हणजे दोन मीटरवरच्या गिटार-अँपचा आवाज अँपजवळच्या माइकपेक्षा ड्रमच्या माइकमध्ये सुमारे सहा मिलिसेकंद उशिरा पोचतो. माइक चुकीच्या जागी असेल तर दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि गिटार पातळ लागते. म्हणून मी आधी माइक हलवतो, खुर्च्या हलवतो, अँपचं तोंड फिरवतो. संगणकातली बटणं त्यानंतर. ड्रमला चार माइक पुरतात: दोन वरून, एक बास ड्रमला, एक स्नेअरला. गोदाम किंवा रिकामी राइस मिल मिळाली तर जागेची उंची उपयोगी पडते, मात्र पत्रा झणझणतो आणि उघड्या भिंती आवाज परत फेकतात. कोपऱ्यांत भरलेली पोती रचली, भिंतींना गाद्या-रजया लावल्या की पुष्कळ फरक पडतो.

खरा शत्रू वेगळाच असतो. तो म्हणजे सदोष अर्थिंग. गिटार लावली की ‘हूं’ असा अखंड गुणगुणाट सुरू होतो. ती ५० हर्ट्झची वीज आणि तिच्या पटी. अशा वेळी काही जण प्लगची अर्थिंगची पिन मोडतात. ते कधीही करू नये, जीव जाऊ शकतो. सगळी यंत्रं एकाच बोर्डावर घ्यावीत, अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावं आणि गिटारची वायर विजेच्या वायरला समांतर नेऊ नये.

झांजांबद्दल भंडारेकराने तरी चोखंदळ असायला हवं. आपला जिल्हा पितळी भांड्यांसाठी नावाजलेला, पण ड्रमच्या झांजेला पितळ मानवत नाही. तांबं आणि जस्त मिळून पितळ होतं. उत्तम झांजा घडतात त्या तांबं आणि कथील यांच्या मिश्रणातून, साधारण ८० आणि २० या प्रमाणात, म्हणजे आपल्या टाळांच्या काशाजवळच्या धातूतून. शिकाऊ ड्रमसेटसोबत बहुधा पितळी झांज येते. ती डब्याच्या झाकणासारखी खणकते आणि लगेच विझते. पंकमध्ये झांज सतत वाजत असते, त्यामुळे हा दोष गाणंभर कानाला टोचतो. पैसे थोडे असतील तर स्टुडिओचा एक दिवस कमी करा, पण काशाची एक झांज भाड्याने आणाच.

गळा शेवटी येतो, पण त्याची तयारी सगळ्यांत आधी हवी. ओरडून गाणारा पोरगा दिवसभर टेक देत बसला तर संध्याकाळी आवाज बसलेला असतो. म्हणून मी बँडसोबत त्याला फक्त कच्चं गायला सांगतो आणि खरी टेक दुसऱ्या सकाळी घेतो. पहिल्या दोन-तीन टेकांत जे येतं ते पुढे बहुधा येत नाही. शब्द अर्धवट गिळला गेला तरी चालेल, त्याच्या मागचा राग शाबूत राहिला पाहिजे.

रेकॉर्डिंग झाल्यावर पोरं सुटकेचा निःश्वास टाकतात, आणि स्वतंत्र बँडची खरी परीक्षा तिथे सुरू होते. गाण्यात दोन वेगळ्या मालमत्ता असतात: एक शब्द आणि चाल यांची, दुसरी त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा निर्माता म्हणजे ते घडवण्यात पुढाकार घेणारी आणि जबाबदारी उचलणारी व्यक्ती. तो हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. पैसे तुमचे, पुढाकार तुमचा, तर निर्माते तुम्ही. मात्र हे कागदावर हवं. चाल कोणाची, शब्द कोणाचे, वाटा किती, हे गाणं गाजण्याआधी लिहून सगळ्यांनी सह्या कराव्यात. मैत्री टिकवण्याचा याहून सोपा उपाय मला ठाऊक नाही. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला भक्कम संरक्षण दिलं आहे. ती गोळा करण्यासाठी १९६९ पासून आयपीआरएस ही संस्था आहे, तिचं सभासद व्हावं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा बारा अक्षर-अंकांचा क्रमांक घ्यावा, त्याने गाणं जगभर ओळखलं जातं. आणि मूळ सुट्या फाइली दोन वेगळ्या ड्राइव्हवर, दोन वेगळ्या घरांत ठेवाव्यात.

स्वतंत्र असणं याचा अर्थ माझ्या लेखी असा की जागा, धातू, टेक, बोली आणि कागदावरची सही या प्रत्येक ठिकाणी निर्णय बँडचा असावा. पैसा कमी असला म्हणून तो निर्णय दुसऱ्याच्या हाती देऊ नये. चौघांना एका खोलीत गाणं शेवटपर्यंत वाजवता येत असेल, तर रेकॉर्ड काढण्याची पात्रता त्यांच्यात आहे. तीनच गाणी तयार आहेत? मग तीन गाण्यांची ईपी काढा, आणि कव्हरवर आपल्या गावाचं नाव ठळक छापा.