वाकडी

एकवीस दिवसांनी अंडी फुटली तेव्हा सगळी पिल्लं सारखीच दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात एकाची वरची चोच डावीकडे वळू लागली, खालची उजवीकडे. उघडी कात्रीच जणू. दिवसभर टोचायचं, पण कणी काही चोचीत येईना.

आई म्हणाली, "जगायचं नाही ते. जीव लावू नकोस."

मी भरडा पाण्यात कालवला आणि खोल वाटीत घालून त्याच्या छातीच्या उंचीवर ठेवला. टोचता येत नव्हतं, पण चोच बुडवून उपसता येत होतं. जेवण मात्र वेगळं, नाहीतर बाकीची वाटी साफ करायची.

चोच नखासारखी वाढत राहते. एरवी ती घासून झिजते, याची झिजेना. मग मीच कानशीने टोक घासायचो, आतला जिवंत भाग सांभाळून. त्याला पिसं नीट साफ करता येईनात, म्हणून उवाही मीच शोधायचो.

चोच सरळ झाली नाही. पिल्लाची कोंबडी झाली, अंडी घालू लागली. हा दोष पुढच्या पिढीत उतरू शकतो, म्हणून तिची अंडी आम्ही उबवायला ठेवत नाही.

आता सकाळी आईच विचारते, "वाकडीचं कालवलंस का?"