सातवे दशक आणि सत्तरचे दशक



वाङ्मयेतिहासाचे घटक अभ्यासताना तुम्हांला कालखंडांची नावे पानोपानी भेटतात. 'साठोत्तरी कविता', 'स्वातंत्र्योत्तर कादंबरी', 'नव्वदोत्तरी साहित्य'. ही नावे आपण इतक्या सहजतेने उच्चारतो की त्यांच्यामागे एक निर्णय दडलेला आहे, याचे भान राहत नाही. एखादी कलाकृती अमुक काळाची, असे म्हणताना तिची कोणती तारीख आपण धरलेली असते? ती सुचली ती, रचली ती, सादर झाली ती, की छापून लोकांपुढे आली ती? या प्रश्नाचा विचार मी आज एका अभ्यासक्रमाबाहेरच्या उदाहरणावरून करणार आहे. ते उदाहरण इंग्लंडमधल्या एका ध्वनिमुद्रिकेचे आहे. कारण साधे आहे. आपल्या जुन्या ग्रंथांच्या निर्मितीचा एखादा दिवसही निश्चित सांगता येणे अवघड. या ध्वनिमुद्रिकेचा मात्र जवळजवळ प्रत्येक दिवस नोंदलेला आहे. आणि इतके सारे नोंदलेले असूनही ती कोणत्या दशकाची, हा वाद मिटलेला नाही.

बीटल्स या लिव्हरपूलच्या चौघांच्या वाद्यवृंदाचे नाव तुम्ही ऐकले असेल. जॉन लेनन, पॉल मॅकार्टनी, जॉर्ज हॅरिसन आणि रिंगो स्टार हे ते चौघे. 'लेट इट बी' हा त्यांचा शेवटचा अल्बम इंग्लंडमध्ये ८ मे १९७० रोजी प्रसिद्ध झाला. कॅलेंडर पाहणाऱ्याचा निकाल येथेच लागतो. अल्बम सत्तरच्या दशकातला. परंतु त्यातली बहुतेक गाणी जानेवारी १९६९ मध्ये मुद्रित झालेली आहेत. ती मुद्रित झाल्यानंतर याच चौघांनी 'अ‍ॅबी रोड' हा दुसरा अल्बम जवळजवळ संपूर्ण घडवला आणि तो २६ सप्टेंबर १९६९ रोजी बाजारात आलासुद्धा. म्हणजे धाकटे भावंड आधी शाळेत गेले आणि थोरले मागे राहिले. बीटल्सचा शेवटचा अल्बम कोणता, असे विचारले तर जाणकारांचे दोन तट पडतात ते यामुळेच.

आता मी भाषाविज्ञानाचा माणूस. मला आधी शब्द तपासल्याशिवाय पुढे जाता येत नाही. 'दशक' म्हणजे दहांचा समूह. या शब्दात मुळात काळ नाही. समर्थांच्या दासबोधात वीस दशक आहेत आणि प्रत्येक दशकात दहा समास. तेथे वर्षांचा संबंधच नाही. काळ मोजायला आपल्याकडे 'तप' होते, बारा वर्षांचे. आजही एखादा मनुष्य नोकरीत एक तप काढले असे म्हणतो, तेव्हा त्याच्या बोलण्याला एक वजन येते, ते 'एक दशक' म्हणण्याने येत नाही. पुढे इंग्रजीच्या सहवासाने दशक कालवाचक झाले आणि आपण त्याला दोन रीतींनी नावे देऊ लागलो. एक रीत क्रमाची : विसाव्या शतकाचे सातवे दशक. दुसरी रीत अंकाच्या नावाची : सत्तरचे दशक. कानाला ही दोन्ही नावे सख्खी वाटतात. सात आणि सत्तर. प्रत्यक्षात सातवे दशक म्हणजे १९६१ ते १९७०, कारण इसवी सनात शून्य वर्ष नाही आणि शतकाची मोजणी एकपासून सुरू होते. तर सत्तरचे दशक म्हणजे १९७० ते १९७९. वृत्तपत्रांत, भाषणांत आणि, मला म्हणायला संकोच वाटतो, संशोधनपर लेखांतही एकाच्या जागी दुसरे वापरलेले आढळते. तुमच्या उत्तरपत्रिकेत तसे होऊ देऊ नका.

या दोन दशकांत एकच वर्ष सामाईक आहे, १९७०. आणि आपला अल्बम नेमका त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला आहे. सत्तरच्या दशकाचे ते पहिले वर्ष, सातव्या दशकाचे शेवटचे. केवळ मोजणीची रीत बदलली की तो या घरातून त्या घरात जातो. योगायोगाची गंमत पुढे आहे. बीटल्सची भागीदारी कायद्याने संपुष्टात आणावी, म्हणून मॅकार्टनी यांनी लंडनच्या न्यायालयात दावा दाखल केला तो ३१ डिसेंबर १९७० रोजी, म्हणजे सातव्या दशकाच्या अगदी शेवटच्या दिवशी!

पण मोजणीचा प्रश्न हा वरवरचा. खरा गुंता अल्बमच्या पोटात आहे. त्यातल्या बारा गाण्यांपैकी 'मॅगी मे' हे लिव्हरपूलच्या खलाशांचे परंपरागत लोकगीत. त्याला कोणतेच दशक नाही. 'वन आफ्टर ९०९' हे लेनन आणि मॅकार्टनी यांनी शाळकरी वयात, पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात रचलेले. १९६३ मध्ये त्यांनी ते मुद्रित करून पाहिले आणि बाजूला ठेवले. ३० जानेवारी १९६९ रोजी लंडनच्या सॅव्हिल रो या रस्त्यावरील आपल्या कचेरीच्या गच्चीवर, बोचऱ्या थंडीत, ते त्यांनी पुन्हा गायिले. अल्बममध्ये आहे ते हेच गच्चीवरचे गायन. 'अ‍ॅक्रॉस द युनिव्हर्स' फेब्रुवारी १९६८ मधले, चौघे हृषीकेशला महर्षी महेश योगींकडे जाण्यापूर्वीचे. त्याच्या ध्रुवपदात गुरुवंदनेचे संस्कृत शब्द आहेत. आणि 'आय मी माइन' हे अहंकारावरचे हॅरिसनचे गाणे ३ जानेवारी १९७० रोजी तिघांनीच मुद्रित केले. लेनन त्या दिवशी नव्हते. मनाने ते केव्हाच बाहेर पडले होते. सप्टेंबर १९६९ मध्येच त्यांनी सहकाऱ्यांना तसे सांगितले होते, फक्त ते बाहेर फुटू दिलेले नव्हते.

यावर आणखी एक थर चढला. जानेवारी १९६९ मध्ये काम सुरू झाले, तेव्हा संकल्प असा होता की मागाहून काहीही जोडायचे नाही. चौघांनी एकत्र बसून वाजवावे आणि जसे वाजेल तसे लोकांना द्यावे. ध्वनिमुद्रक ग्लिन जॉन्स यांनी त्या संकल्पाला धरून अल्बमचा खर्डा दोनदा तयार केला. दोन्ही वेळा तो नाकारला गेला. मग मार्च १९७० मध्ये त्या फिती अमेरिकन निर्माते फिल स्पेक्टर यांच्या हाती आल्या. त्यांनी १ एप्रिलला मोठा वाद्यमेळ बोलावून काही गाण्यांवर तंतुवाद्ये आणि समूहस्वर चढवले. 'आय मी माइन' जेमतेम दीड मिनिटाचे होते. त्यातला भाग पुन्हा जोडून ते सुमारे अडीच मिनिटांचे केले. 'द लाँग अँड वाइंडिंग रोड' या आपल्या गाण्यावर स्त्रीस्वर आणि हार्प चढलेले ऐकून मॅकार्टनी संतापले, आणि ती तक्रार पुढे न्यायालयातही गेली. २००३ मध्ये ही सारी भर काढून टाकलेली आवृत्ती निघाली, तिच्या नावातच 'नेकेड' म्हणजे उघडे हा शब्द घातलेला आहे. ही २००३ ची आवृत्ती १९६९ ची मानायची काय?

तुमच्यापैकी ज्यांनी ज्ञानेश्वरीच्या पाठपरंपरेचा घटक वाचला आहे, त्यांना हा प्रश्न ओळखीचा वाटेल. ज्ञानेश्वरी शके १२१२ मधली, म्हणजे इ.स. १२९०. एकनाथांनी तिची प्रत शुद्ध केली ती शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली. जवळजवळ तीनशे वर्षांचे अंतर. मराठीच्या विकासाचा अभ्यास करताना आम्ही ज्ञानेश्वरीतले एखादे रूप तेराव्या शतकाचे म्हणून दाखवतो, तेव्हा ते तेराव्या शतकाचेच कशावरून, हा प्रश्न प्रत्येक वेळी अंगावर येतो. राजवाड्यांनी एकनाथपूर्व प्रतीचा ध्यास घेतला तो याच अस्वस्थतेतून. फरक इतकाच की एकनाथ हे संपादक होते आणि आपण काय करीत आहोत हे त्यांनी नोंदवून ठेवले. स्पेक्टर हे रचनाकार होऊ पाहत होते. भर घालणाऱ्याचा हेतू कोणता, यावर त्या थराचे वय मोजायचे की नाही हे ठरते, असे मला वाटते. शुद्धलेखन सुधारले म्हणून ग्रंथाचे शतक बदलत नाही. नवा स्वर मिसळला, तर बदलू शकते.

हे सारे ठरवून मिळते काय, असे एका संपर्क सत्रात रेल्वेत नोकरी करणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला सरळ विचारले होते. प्रश्न रास्त होता. मिळते ते असे : तारीख बदलली की ऐकू येणारी गोष्टच बदलते. 'लेट इट बी' १९७० चा म्हणून ऐका. तुम्हांला निरोप ऐकू येतो. शीर्षकगीतातली शांती थकलेल्या माणसांची वाटते. तोच जानेवारी १९६९ चा म्हणून ऐका. मग चार तिशीच्या आतली मुले भांडण विसरून पुन्हा मुळारंभापासून सुरुवात करू पाहत आहेत, असे ऐकू येते. शीर्षकगीत तर मॅकार्टनी यांना स्वप्नात दिसलेल्या आईविषयी आहे; ती १९५६ मध्ये, ते चौदा वर्षांचे असताना वारली. वाद्यवृंद फुटण्याशी त्या आईचा संबंध नाही. ध्वनिमुद्रिका बाजारात आली तेव्हा वाद्यवृंद फुटल्याची बातमी जेमतेम महिन्याची होती, म्हणून श्रोत्यांनी तो संबंध जोडला.

आमच्या घरी याचे एक उदाहरण भिंतीवर टांगलेले आहे. वडील आणि काका विभक्त झाले. वाटणीपत्र १९८३ मध्ये नोंदले गेले, सातबारा त्याच्याही नंतर वेगळा झाला. पण वाड्यात चुली दोन झाल्या त्या १९७९ च्या पावसाळ्यात. दोन्ही घरांत एकच छायाचित्र आहे, दिवाळीचे, सगळे ओसरीवर बसलेले. त्याच्या मागे तारीख नाही. माझा चुलतभाऊ म्हणतो, ते १९७८ चे. आत्या म्हणत, ऐंशीचे. तेव्हा दोन चुली होत्या, तरी फराळ एका ताटात होता. मी ते छायाचित्र पाहतो तेव्हा वडिलांच्या चेहऱ्यावरचे हसू कोणत्या वर्षाचे, यावर ते सहज आहे की प्रयत्नाने आणलेले आहे, हे अवलंबून राहते. मला आत्यांची तारीख पटते. मुलांच्या अंगावरचे कपडेही तेच सांगतात. चुलतभावाला ती अजून पटलेली नाही.

दशक ठरवण्यात श्रोत्याचाही हात असतो, हे आणखी एका अल्बमने दाखवून दिले आहे. 'द क्लॅश' या लंडनच्या वाद्यवृंदाचा 'लंडन कॉलिंग' हा अल्बम इंग्लंडमध्ये १४ डिसेंबर १९७९ रोजी आला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० मध्ये. 'रोलिंग स्टोन' या अमेरिकन नियतकालिकाने १९८९ मध्ये त्याला ऐंशीच्या दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवले! अटलांटिक ओलांडायला लागलेल्या काही आठवड्यांनी त्याचे दशक बदलले. हा निर्णय मला तरी लबाडीचा वाटतो. या न्यायाने मी 'लेट इट बी' पुण्यातल्या वसतिगृहात, वेष्टन हरवलेल्या कॅसेटवर, १९८८ मध्ये प्रथम ऐकला म्हणून तो ऐंशीच्या दशकाचा ठरेल. माझ्या आठवणीत तो तसा आहेही. परंतु आठवण म्हणजे इतिहास नव्हे.

मग निर्णय काय? आपल्या वाङ्मयेतिहासाची रीत याबाबत एकसारखी नाही, हे ध्यानात घ्या. जोतीराव फुले यांचे 'तृतीय रत्न' १८५५ चे नाटक म्हणून आपण शिकवतो, जरी ते छापले गेले शतकाहून अधिक काळाने. बहिणाबाई चौधरींची गाणी मात्र १९५२ च्या पुस्तकाच्या तारखेने नोंदतो. बहिणाबाई डिसेंबर १९५१ मध्ये गेल्या. त्यांची गाणी जात्यावर आणि शेतात त्याआधी कैक वर्षे म्हटली गेली होती. एकाला लेखनाची तारीख, दुसऱ्याला प्रकाशनाची. ही विसंगती मला दोष वाटत नाही. फुल्यांच्या बाबतीत विचार केव्हा जन्मला हे महत्त्वाचे आहे, बहिणाबाईंच्या बाबतीत मराठी वाचकाला धक्का केव्हा बसला हे.

'लेट इट बी'विषयी माझे मत असे आहे. गाणी १९६९ ची आहेत. अल्बम १९७० चा आहे. स्पेक्टरांच्या हातून निघालेली ती बारा गाण्यांची मांडणी, ते चढवलेले तंतुवाद्यांचे थर, हे जानेवारी १९६९ मध्ये कोणाच्या कल्पनेतही नव्हते, आणि आपण 'अल्बम' म्हणतो तो त्या मांडणीला. म्हणून ग्रंथालयाच्या नोंदीत मी १९७० हेच लिहीन आणि वर्गात 'सातव्या दशकाच्या अखेरीस' असे म्हणेन. दोन्ही विधाने अचूक आहेत. ऐकायचा झाल्यास मात्र, कधी सवड काढून, आधी 'लेट इट बी' ऐका आणि त्यानंतर 'अ‍ॅबी रोड'. चौघे ज्या क्रमाने वाजवत गेले तो क्रम हा आहे. गच्चीवरचे 'वन आफ्टर ९०९' आले की थोडे थांबून लक्ष द्या. शाळेत असताना रचलेले गाणे म्हणताना दोघांचे आवाज एकमेकांवर रेलतात, आणि त्या दुपारी त्यांच्यापैकी कोणालाही ते कोणत्या दशकात प्रसिद्ध होणार हे ठाऊक नव्हते.