बेडकाची शुश्रूषा

आजाऱ्याची सेवा करण्यात आम्हां मराठी मध्यमवर्गीयांचा हात धरणारा दुसरा कोणी नसावा, असे आमचे बरेच दिवसांचे मत आहे. घरात कोणी अंथरूण धरले की पाच मिनिटांच्या आत कपाळावर हात, उशाशी तांब्याभांडे, तोंडाशी मेतकूट-भात आणि पायथ्याशी विचारपूस करणाऱ्या दोन शेजारणी, असा सगळा सरंजाम उभा राहतो. आजारी मनुष्य ‘नको, नको’ म्हणत असतो. परंतु त्याचे ऐकून घेण्याची आपल्याकडे चाल नाही. ‘एक घास खा, माझ्यासाठी म्हणून खा,’ हे आपल्या शुश्रूषेचे मुख्य सूत्र होय. ह्या सूत्रातील ‘माझ्यासाठी’ ह्या शब्दाचा अर्थ काय, हा प्रश्न आमच्यापुढे उभा केला तो कोणा तत्त्ववेत्त्याने नव्हे, तर एका बेडकाने.

हा बेडूक आपल्या विहिरीतला वा भातखाचरातला नव्हे. आपल्याकडील बेडकांस पावसाळ्यात त्यांच्या घरी जाऊन भेटावे, हेच उचित. हा ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीकडचा, झाडावर राहणारा. हौशी लोकांनी पेट्यांतून वाढविलेल्या त्याच्या पिढ्या आता जगभर पसरल्या आहेत, त्यांतलाच एक. आमच्या कन्येच्या मैत्रिणीचे कुटुंब दूरच्या गावी राहावयास गेले, आणि जाताना त्यांनी काचेची पेटी, एक उष्णतामापक आणि पेटीतील रहिवासी असा सर्व संसार आमच्या पुण्याच्या घरी आणून ठेवला. रहिवासी तळहाताएवढा, पोपटी रंगाचा आणि गुबगुबीत होता. डोळ्यांवर कातडीची जाड घडी उतरलेली, आणि चेहऱ्यावर निवृत्त मामलेदाराचे समाधान.

वास्तविक बेडकाची आणि आमची ओळख जुनी. लहानपणी दंडातली बेटकुळी काढून दाखविली; पुढे महाविद्यालयात मेणाच्या ताटात टाचण्यांनी खिळलेला बेडूक उघडून त्याचे हृदय, यकृत व मज्जातंतू ओळखून दाखविले आणि गुण मिळविले. मनुष्यजातीचे बेडकाविषयीचे पुष्कळसे ज्ञान असेच मेलेल्या बेडकापासून आलेले आहे. इटलीतील गॅल्व्हानीने 1791 साली विजेवरील आपला प्रसिद्ध प्रबंध लिहिला, तो बेडकाच्या तुटलेल्या तंगड्यांवर. आमच्या ह्या पाहुण्याचे नावदेखील त्याच वाटेने आले. सिडनीच्या पहिल्या इंग्रज वसाहतीबरोबर गेलेला शल्यवैद्य जॉन व्हाइट ह्याने 1790 साली त्याचे वर्णन छापले आणि शास्त्रीय नाव ठेवले ते ‘निळा’ अशा अर्थाचे. प्राणी हिरवा, पण मद्यार्कात बुडविलेल्या मृत नमुन्याच्या कातडीतील पिवळी छटा विरून जाते व मागे निळा रंग उरतो, म्हणून हे नाव. जिवंतपणी ज्या रंगाने कोणी त्यास पाहिले नाही, तो रंग त्याच्या नावाला कायमचा चिकटला!

असा प्राणी जिवंत असता, आणि विशेषतः आजारी असता, कसा दिसतो, हे आमच्या घरात कोणास ठाऊक असणार? येऊन नऊ दिवस झाले तरी तो अन्नास शिवला नाही. पोपटी रंग मावळून मळकट तपकिरी झाला. रात्री काचेवर चढून जावयाचे सोडून तो अष्टौप्रहर पाण्याच्या भांड्यात बसून राही. गळ्याखालची कातडी तेवढी लपलप हाले. बेडकास फासळ्यांचा पिंजरा नसतो; घशाचा तळ वरखाली करूनच तो हवा फुप्फुसांत ढकलतो. ती लपलप एवढीच काय ती त्याच्या जिवंतपणाची खूण.

गाईम्हशींचे डॉक्टर झाले, कुत्र्यामांजरांचे झाले. शेवटी पक्षी आणि कासवे पाहणारे एक तरुण डॉक्टर सापडले. त्यांनी प्रथम बेडकाकडे पाहिलेच नाही, आमच्याकडे पाहिले. पाणी कोठले? पेटीत उष्णता किती? पेटी घरात कोठे ठेवली आहे? दिवसातून कितीजण डोकावतात? मग ओले हातमोजे घालून त्यांनी रोग्यास क्षणभर उचलले, भिंगाखाली कातडी पाहिली, पोट चाचपले, आणि विष्ठेचा जुना नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासला. औषध दिले नाही. सूचना मात्र दिल्या. नळाचे पाणी क्लोरीन काढूनच द्यावे व रोज बदलावे. पावसाळ्याने हवा गार पडली आहे, तेव्हा पेटी दिवसा 26 ते 28 अंशांवर ठेवावी. तीन बाजूंनी कागद लावून आडोसा करावा. आठवड्यातून एकदाच वजन करावे. आणि हात लावू नये. जाताना त्यांनी आणखी एक बजावले: पेटीतले पाणी बागेत वा ओढ्यात ओतू नये, निर्जंतुक करूनच टाकावे, ह्याचा रोग आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांपर्यंत जाता कामा नये.

हात लावू नये, ह्याचे कारण ऐकून आम्ही थक्क झालो. बेडूक तोंडाने पाणी पीत नाही. पोटाच्या व मांड्यांच्या कातडीने ते शोषून घेतो. श्वासाचा काही भागही कातडीनेच चालतो. म्हणजे आपल्या हातावरचा साबण, मीठ, अत्तर हे सर्व त्याच्या पोटातच गेल्यासारखे. ह्याच कातडीतून त्याचा मृत्यूही शिरतो. 1998 साली ऑस्ट्रेलिया व मध्य अमेरिकेतील मेलेल्या बेडकांच्या कातडीत एक सूक्ष्म बुरशी सापडली. तिच्यामुळे निदान 501 जातींची संख्या घटली आणि त्यांतील 90 बहुधा नामशेष झाल्या, असा हिशेब शास्त्रज्ञांनी 2019 साली मांडला. ती बेडकास कशी मारते, हे 2009 साली उलगडले, ते नेमके आमच्या पाहुण्याच्या जातभाईंवरील प्रयोगांतून: कातडीतून क्षारांची ने-आण बिघडते, रक्तातील सोडियम व पोटॅशियम उतरतात आणि हृदय बंद पडते. ज्याची कातडी हीच तहान आणि हाच श्वास, त्याच्या पाठीवरून प्रेमाने हात फिरविणे ही क्रूरताच नव्हे काय?

झाले! आमच्या घरातील शुश्रूषेचे सारे भांडवल एका वाक्याने जप्त झाले. आमच्या मातोश्रींनी ‘थोडा तांदूळ मऊ शिजवून’ अशी सूचना मांडली; ती नामंजूर झाली. घरातले किडे मारण्यावर आजवर पैसे खर्च करणाऱ्या आमच्या सौभाग्यवती पैसे देऊन रातकिडे विकत आणू लागल्या, आणि ते स्वयंपाकघरात किरकिरू लागले. कन्या रोज रात्री चिमट्याने चार रातकिडे पेटीत सोडी व सकाळी चार मोजून काढून घेई. वहीत ‘चार, चार’ अशी ओळ लांबत चालली.

एके रात्री तिने विचारले, ‘‘बाबा, तो मेला तर त्याला कळेल का, की आपण त्याच्यासाठी काही केलं होतं?’’

‘‘नाही कळणार,’’ आम्ही म्हणालो. दुसरे काय म्हणणार?

‘‘मग आपण नक्की काय करतोय?’’

त्या वेळी आम्हांस आमच्या एका आत्याबाईंची आठवण झाली. त्यांच्या अखेरच्या दुखण्यात खोली माणसांनी भरून गेलेली असे. कोणी पाय चेपी, कोणी मोसंबीचा रस पुढे करी. एका दुपारी त्या अगदी हळू म्हणाल्या, ‘‘सगळे जरा बाहेर बसा. पण दार लावू नका.’’ त्या दोन वाक्यांत त्यांनी जे मागितले, ते द्यावयास सर्वांत कठीण. चेपता येते, भरविता येते, रडताही येते. पण दार उघडे ठेवून बाहेर बसणे, म्हणजे लक्ष द्यावयाचे आणि त्या लक्षाचे ओझे आजाऱ्यावर पडू द्यावयाचे नाही, ही विद्या आपणांस कोणी शिकविलेली नसते. आजाऱ्याचे कपाळ चेपताना आपल्याही जिवाचा थरकाप थोडा शांत होत असतो. त्यात वाईट काही नाही. परंतु जेथे स्पर्शच वर्ज्य, तेथे आपला थरकाप आपणच सांभाळावा लागतो.

हे सगळे आम्ही कन्येस सांगितले नाही. आत्याबाईंचे शब्द तेवढे सांगितले. तिने काही वेळ विचार केला, पेटीच्या खोलीतला दिवा मालविला आणि आपले पुस्तक घेऊन ती बाहेरच्या खोलीत येऊन बसली. दार तिने उघडेच ठेवले.

ऋग्वेदाच्या सातव्या मंडलात बेडकांवर एक सूक्त आहे. वर्षभर व्रतस्थ ब्राह्मणांसारखे निश्चल पडून राहिलेले बेडूक पर्जन्य येताच बोलू लागतात, असे तो ऋषी म्हणतो. कापून पाहणाऱ्यांच्या पुष्कळ आधी कोणीतरी बेडकाच्या गप्प राहण्याकडे आदराने पाहिले होते, हा विचार त्या दिवसांत आम्हांस मोठा धीर देई.

डॉक्टरांकडून आल्यानंतर तेराव्या सकाळी पेटीत दोनच रातकिडे निघाले. उरलेले दोन पळाले असतील म्हणून सौभाग्यवतींनी साऱ्या खोलीत शोध केला. पुढच्या सकाळी एकही निघाला नाही, आणि पाठीवर पोपटी रंगाची कड उमटू लागली होती. तो केव्हा जेवला, कसा जेवला, हे कोणी पाहिले नाही. कन्येने उड्या मारल्या नाहीत. ओठांवर बोट ठेवून ती आजीला बाहेर घेऊन गेली. रविवारी वजन भरले 47 ग्रॅम, मागल्यापेक्षा दोनने अधिक. तो अजूनही आम्हांस ओळखत नाही, आणि पुढे ओळखेल असेही चिन्ह नाही. वहीत त्या दिवशीच्या ओळीत आकडा आहे, आणि आकड्यापुढे कन्येने बारीक अक्षरांत लिहिले आहे: ‘हात लावला नाही.’