वेलांटीला जागा द्या

'पिंपळगाव रेणुकाई' हे नाव एका ओळीत जुळवायला घ्या. 'पिं'वर वेलांटी आणि अनुस्वार दाटीवाटीने बसतात. 'रे'ची मात्रा आणि 'ई'चा शेंडा शिरोरेषेच्या वर जातो, 'णु'चा उकार खाली उतरतो. 'ळ'च्या दोन गाठी मधेच असतात, पण शाई जरा जास्त झाली की आधी त्याच भरतात. हेच नाव रोमन कॅपिटलमध्ये जुळवलं, तर सगळी अक्षरं एका उंचीची, कुणी कुणाच्या वाटेत येत नाही.

मराठी मांडणीचा सगळा हिशोब या वरच्या-खालच्या जागेचा आहे.

खिळ्यांच्या काळात ही जागा धातूत ओतावी लागे. जावजी दादाजींनी 1869 साली मुंबईत निर्णयसागर छापखाना सुरू केला. तिथले देवनागरी खिळे देशभर नावाजले गेले, आणि त्यामागे राणोजी रावजी आरू यांचं कोरीव काम होतं. मात्रा, उकार, जोडाक्षरं धरून खिळ्यांची संख्या शेकड्यांवर जाई, म्हणून खिळ्यांच्या पेटीतले खण कमी करण्याचे उपायही निघाले. सावरकरांनी पुरस्कारलेल्या 'अ'च्या बाराखडीत 'इ-ई'ऐवजी 'अि-अी' येत. त्या लिपीत या गावाचं नाव 'रेणुकाअी' असं छापलं गेलं असतं.

आता खिळे गेले, तरी अडचण उरलीच. भोकरदन तालुक्यातलं हे पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखलं जातं. अशा गावातून छपाईला येणारी कामं ठरलेली: हिशोबपट्टी, पावतीपुस्तक, लग्नपत्रिका आणि अखंड हरिनाम सप्ताहाचं पत्रक. यात सप्ताहाचं पत्रक आम्हा मांडणीवाल्यांची खरी परीक्षा घेतं. काकडा, पारायण, हरिपाठ, रोजचं कीर्तन, काल्याचं कीर्तन, महाप्रसाद हा सगळा क्रम आणि देणगीदारांची नावं एकाच पानावर हवी असतात. जागा पुरेना झाली की ओळींमधलं अंतर कापलं जातं आणि वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इंग्रजीत 12 पॉइंटच्या अक्षराला 14 पॉइंटची ओळ चालून जाते, देवनागरीला 17-18 द्यावी. त्यासाठी अक्षर एका पॉइंटाने लहान केलं तरी चालेल. सात दिवसांचा तक्ता करून कीर्तनकाराचं नाव ठळक आणि बाकी मजकूर साधा ठेवला, की निम्मी गर्दी तिथेच कमी होते.

कागदाचा आकारही आधी ठरवावा. 18 बाय 23 इंचांच्या डेमी तावाचे आठ भाग केले की 5.75 बाय 9 इंचांचं पान मिळतं, कागद वाया जात नाही. मनातला आकार यापेक्षा अर्ध्या इंचाने मोठा असला, तर एका तावातून आठ पानं निघणार नाहीत.

रंगाची गोष्ट मिरचीवरूनच कळते. चार रंगांच्या छपाईत लाल होतो मॅजेंटा आणि पिवळ्यातून, हिरवा सायन आणि पिवळ्यातून. साधा कागद शाई पितो, त्यामुळे स्क्रीनवर रसरशीत दिसलेली मिरची कागदावर मलूल होते. हिरव्या पट्टीवर लाल अक्षरं तर टाळावीतच. त्या पत्रकाची झेरॉक्स काढून बघा: दोन्ही रंगांचा जवळजवळ एकच करडा होतो आणि मजकूर गडप. बारीक मजकूर फक्त काळ्या शाईत छापावा. चार रंग मिसळून काळा केला आणि एखादी प्लेट केसभर सरकली, की प्रत्येक मात्रेला रंगीत सावली येते.

शेवटी फॉण्ट. पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श' या मराठी वळणांना 6 नोव्हेंबर 2009 च्या शासन निर्णयाने प्रमाण ठरवलं, तरी पत्रिकांतून हिंदी वळण सर्रास दिसतं. काही युनिकोड फॉण्टांत दोन्ही वळणं असतात. मजकुराची भाषा हिंदीऐवजी 'मराठी' निवडली, आणि सॉफ्टवेअरला ते कळलं, की आपली वळणं उमटतात. मग 'व्यापाऱ्यांनी' हा शब्द टाइप करून बघावा. 'र'चा अर्धा आडवा फराटा नीट आला, तर त्या फॉण्टात हिशोबपट्टी छापायला हरकत नाही.