ताप उतरत नव्हता

माझं आजोळ नाचियारकोविलचं. कुंभकोणमजवळचं हे गाव पितळी समयांसाठी प्रसिद्ध. घरात मराठी, दाराबाहेर तमिळ, असं आमचं तंजावुरी कुटुंब. जुन्या क्षयाने खराब झालेला मामांच्या उजव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढावा लागला. ऑपरेशन नीट झालं, मामा घरी आले.

तिसऱ्या आठवड्यात रोज संध्याकाळी बारीक ताप येऊ लागला. जेवण जाईना. "ऑपरेशननंतर असं होतंच," म्हणत एका डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. त्यात आठ दिवस गेले. मग एका रात्री मामा डाव्या कुशीवर वळले आणि खोकल्याबरोबर तोंडभर घाण वासाचं पाणी पडलं. मामी घाबरून म्हणाली, "अगं, हा साधा कफ नव्हे."

मोठ्या रुग्णालयात एक्स-रे, सीटी स्कॅन झालं. छातीच्या पोकळीत पाणी आणि त्यावर हवा दिसली. सुईने काढलं तर पू निघाला. तो कल्चरला गेला. सर्जन म्हणाले, "याला एम्पायमा म्हणतात. शिवलेली श्वासनलिका थोडी उसवली आहे. आतला पू चांगल्या फुप्फुसात उतरू शकतो. त्यांना उजव्या कुशीवरच निजवा, डोकं उंच ठेवून."

माझ्या पोटात गोळा आला. जखम दुखू नये म्हणून आम्हीच त्यांना डाव्या कुशीवर निजवत होतो.

"भारी अँटिबायोटिक द्या ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "साठलेल्या पुवात रक्त फिरत नाही, मग औषध पोचणार कसं? आधी पू बाहेर काढायचा." छातीत नळी घातली, तिचं दुसरं टोक बाटलीतल्या पाण्याखाली. हवा आणि पू बाहेर येतो, हवा परत आत जात नाही. ही युक्ती एकोणिसाव्या शतकातल्या ब्यूलाऊ या जर्मन डॉक्टरांच्या नावाने ओळखली जाते.

मामा खोकले की बाटलीत बुडबुडे यायचे. म्हणजे छिद्र अजून उघडं. मामी रोज ते बघत बसायची. चौथ्या आठवड्यात बुडबुडे थांबले. नाहीतर स्नायूचा तुकडा लावून छिद्र बुजवायला पुन्हा ऑपरेशन करावं लागलं असतं. नळी थोडी थोडी मागे घेत काढली. औषधं पुढेही चालली.

आमच्या देवळातला दगडी गरुड गाभाऱ्यातून निघताना चौघं उचलतात. पुढे तो जड होत जातो म्हणे, आणि खांदे आठ, सोळा, बत्तीस असे वाढतात. मार्गळीतला तो उत्सव बघताना मामी हळूच म्हणाली, "तापाचं ओझं मी एकटीच आठ दिवस उचलत बसले गं. तुला पहिल्याच दिवशी हाक मारायला हवी होती."

छातीच्या ऑपरेशननंतर ताप परत आला, तर सर्जनला त्याच दिवशी फोन करा.